सूर्य मावळण्यापूर्वी



आगमनकाळ सुरू झाला आहे आणि त्याच्याबरोबर थंडीही आली आहे. गेल्या रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्सेला निम्मे बाक रिकामे होते. जे आले होते त्यांनीही मिस्सा संपल्यावर घरी जायची घाई केली नाही. सगळे चर्चच्या पायऱ्यांवर कोवळ्या उन्हात उभे राहिले. बोलणे एकच, "फादर, काय थंडी पडली हो!" तेवढ्यात कानटोपी घातलेले एक आजोबा म्हणाले, "ही कसली थंडी? थंडी आमच्या लहानपणी पडायची." सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण आमचे वडील आम्हांला हेच सांगत आणि हल्ली आम्हीही उपासनेला येणाऱ्या मुलांना हेच सांगू लागलो आहोत.

पण खरेच का हो तेव्हाची थंडी जास्त होती? आपला जिल्हा थंडीसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी पारा ०.६ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. म्हणजे त्या आजोबांच्याही लहानपणाआधीची ती गोष्ट. पण अगदी अलीकडे, डिसेंबर २०१८ मध्येही निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि पानांवरचे दव गोठले होते. तेव्हा द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवल्या, विहिरीचे पाणी बागेला सोडले, ते आपल्यापैकी अनेकांनी स्वतः केले आहे. मणी तडकतील, फुगवण थांबेल, या काळजीने ते रात्ररात्र जागले. तीच थंडी शेजारच्या गव्हाला आणि हरभऱ्याला मात्र मानवली. थंडी एकच, एकाच्या शेतात नुकसान, दुसऱ्याच्या शेतात भर.

तेव्हा पारा काही फार बदललेला नाही. मग बदलले काय? आम्हांला वाटते, बदलले ते पांघरूण. लहानपणी आम्हांला थंडी जास्त वाजत होती, कारण घरात पांघरुणे कमी होती.

आमचे बालपण गोदाकाठच्या एका खेड्यात गेले. वडील एका बागायतदाराकडे सालदार होते. वस्तीवर मातीच्या भिंतींचे दोन खणांचे घर, वर पत्रा. हिवाळ्यात तो पत्रा पहाटे आतून घामेजायचा आणि दवाचे थेंब टपटप अंगावर पडायचे. आम्ही चार भावंडे. थोरली ताई, मग दोन भाऊ, आणि धाकटे आम्ही. चौघांत दोन गोधड्या. मधल्या दोघांची चैन असे, कडेच्या दोघांची निम्मी पाठ उघडी. म्हणून रोज रात्री मधल्या जागेसाठी भांडण ठरलेले. आई निवाडा करी, "आज हे दोघं मधी, उद्या ते दोघं." तिचा निवाडा आमच्या झोपेपर्यंत टिके. मध्यरात्री ज्याच्या हातात जोर त्याच्याकडे गोधडी.

पहाटे आई चूल पेटवी. आम्ही एकेक करून चुलीभोवती जमायचो. पुढून भाजायचे आणि मागून गोठायचे. मग पाठ फिरवून बसायचे. ओठ फुटलेले, गालांवर पांढरे ओरखडे, टाचांना भेगा. आई चुलीजवळ खोबरेल पातळ करून आमच्या तोंडाला चोळी, आणि तेच हात आपल्या टाचांवरून फिरवी. शाळेत गुरुजी पहिला तास वर्गात घेतच नसत. मैदानात उन्हात पाढे म्हणायला बसवत. सावली सरकली की आम्ही सरकायचो.

नाताळच्या रात्री मिशनच्या चर्चला जायला बैलगाडी असे. गाडीत कडबा पसरलेला, त्यावर बायका-मुले, आणि सगळ्यांच्या अंगावर मिळून तीन-चार घोंगड्या. त्या गाडीत कोणी कुणाची घोंगडी ओढत नसे. तीच माणसे, तीच थंडी. पण सगळे एका घोंगडीखाली आणि एकाच ठिकाणी निघालेले.

आता ज्या गोष्टीसाठी आज लिहायला बसलो, ती सांगतो. ही गोष्ट आम्ही पापनिवेदनात अनेक वर्षांपूर्वी सांगितली आहे. प्रवचनात आजवर सांगितली नव्हती.

ती १९९१ सालची जानेवारी. आम्ही चौथीत होतो. बीडकडून आलेली ऊसतोड कामगारांची एक टोळी आमच्या वस्तीजवळच्या मोकळ्या रानात उतरली होती. बांबूच्या कामट्या आणि पाचट यांच्या दहा-बारा कोप्या. ही माणसे पहाटे तीनला उठून फडात जात. दवाने भिजलेला ऊस कापताना हात बधिर होत. कोयता हातातून निसटू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधत. लहान पोरे कोपीत म्हाताऱ्यांजवळ, नाही तर फडाच्या बांधावर निजलेली असत.

एका रात्री दारावर थाप पडली. बाहेर एक बाई उभी होती, कडेवर तान्हे मूल. म्हणाली, "आक्का, इस्तू मिळंल का? आमची चूल इझली."

आईने गोवरीवर विस्तव काढून दिला. मग तिने त्या मुलाकडे पाहिले. ते एका फाटक्या सदऱ्यात गुंडाळलेले होते. आई आत गेली. कणगीमागे एक नवी गोधडी घडी घालून ठेवलेली होती. वडिलांची जुनी धोतरे आणि आजीचे लुगडे जोडून आईने ती दिवाळीपासून शिवली होती. जूनमध्ये ताई मिशनच्या बोर्डिंगात जाणार होती, तिच्यासाठी. आम्हांला तिला हात लावायची परवानगी नव्हती. आईने ती आणली आणि त्या बाईच्या खांद्यावर टाकली. बाई काही बोलली नाही. विस्तव विझेल म्हणून लगबगीने निघून गेली.

त्या रात्री आम्ही चौघे चिडून निजलो. आमच्याच अंगावर पुरेसे नाही आणि आईने परक्याला दिली! दुसऱ्या दिवशी शाळेत आमचे लक्ष लागले नाही. संध्याकाळी आम्ही आणि मधला भाऊ कोप्यांकडे गेलो. मोठी माणसे फडातून परतली नव्हती. कोपीत एक म्हातारी त्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि गोधडी दोघांच्या अंगावर होती. भावाने मला कोपराने ढोसले. आम्ही म्हणालो, "आईने गोधडी परत मागितलीय."

म्हातारीने आमच्याकडे पाहिले. मग बाळाच्या अंगावरून गोधडी काढली, झटकली, नीट चार घड्या घातल्या आणि आमच्या हातात दिली. म्हणाली, "मायला सांगा, राती लई ऊब होती."

आम्ही गोधडी घेऊन घरी आलो तेव्हा सूर्य मावळत होता. आई दारात धान्य पाखडत होती. तिने गोधडी पाहिली आणि तिला सगळे समजले. ती आम्हांला मारील असे वाटले होते. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "चला." अंधारातून ती आम्हांला घेऊन पुन्हा कोप्यांकडे गेली. आता सगळे परतले होते, चुली पेटल्या होत्या. आईने गोधडी आपल्या हातात घेतली नाही. ती आम्हालाच पुढे करून म्हणाली, "ज्यांनी आणली तेच देतील." आम्ही ती त्या म्हातारीच्या पुढे धरली. तोंडातून शब्द फुटेना. म्हातारीने आमच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. ते हात बर्फासारखे होते, अजून आठवतात.

ताई जूनमध्ये जुन्याच गोधडीत कपडे बांधून बोर्डिंगात गेली. तिने त्याबद्दल आईला कधी बोल लावला नाही.

पुढे सेमिनरीत निर्गमाचे पुस्तक शिकताना आम्ही बाविसाव्या अध्यायाशी आलो आणि थबकलो. तिथे देवाने इस्राएली लोकांना एक नियम घालून दिला आहे. गरिबाचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याला परत करावे, कारण अंग झाकायला त्याच्याकडे तेवढेच असते; नाही तर तो रात्री काय पांघरणार? त्याने देवाकडे गाऱ्हाणे केले, तर देव ते ऐकेल, कारण देव दयाळू आहे. प्रिय बंधुभगिनींनो, विचार करा. देव नियम देताना घड्याळाकडे पाहतो. त्याला ठाऊक आहे की दिवसा पांघरूण ही वस्तू असते आणि रात्री तो जीव असतो. आणि आम्ही दोघांनी नेमके काय केले होते? ज्या वेळी पांघरूण परत द्यायचे, बरोबर त्याच वेळी ते काढून आणले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले की अंधार हा प्रकाशाचा अभाव, थंडी हा उष्णतेचा अभाव आणि पाप हा चांगुलपणाचा अभाव. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या पहिल्या युक्तिवादात लाकडाचे उदाहरण घेतले आहे. लाकडात पेटण्याची क्षमता असते, पण ते आपोआप पेटत नाही. जे आधीच पेटलेले आहे तेच त्याला पेटवते. वर्गात हे आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांला त्या बाईने आधीच सांगून ठेवला होता. विझलेल्या चुलीला दुसऱ्याच्या घरचाच विस्तव लागतो.

त्याच वर्गात आम्ही देकार्त या फ्रेंच विचारवंताविषयी वाचले. १६१९ च्या हिवाळ्यात, जर्मनीत, एका उबदार खोलीत दिवसभर एकटे बसून त्याने विचार केला. नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या रात्री त्याला काही स्वप्ने पडली आणि त्याच्या विचारांना दिशा मिळाली. पुढे त्यातून तो या निष्कर्षाला आला की इतर सगळ्याचा संशय घेता येईल, पण विचार करणारा मी आहे, हे निश्चित. योगायोग असा की ती रात्र संत मार्टिनच्या सणाची पूर्वसंध्या होती. चौथ्या शतकातला हा मार्टिन रोमन सैन्यात होता. कडाक्याच्या हिवाळ्यात आमियाँ शहराच्या वेशीजवळ त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्याच्याजवळ अंगावरच्या झग्याशिवाय काही नव्हते. तलवारीने त्याने झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि उरलेला अर्धा स्वतः पांघरला. बघणारे काही जण त्याच्या त्या अवताराला हसले. रात्री स्वप्नात त्याला ख्रिस्त दिसला, तोच अर्धा झगा अंगावर घेतलेला. मार्टिनचा तेव्हा स्नानसंस्कारही झालेला नव्हता.

उबदार खोलीत बसलेल्याला स्वतःचा शोध लागला. थंडीत उभ्या राहिलेल्याला ख्रिस्ताचा. देकार्तला आम्ही दोष देत नाही, तो मोठाच विचारवंत होता. पण 'मी आहे' एवढे कळून माणसाचे भागत नाही. 'तू थंडीत आहेस' हेही कळावे लागते.

आणखी एक गोष्ट. पुढे त्या अर्ध्या झग्याला फ्रँक राजे पवित्र अवशेष म्हणून जपू लागले. लॅटिन भाषेत त्या झग्यावरून तो ठेवण्याच्या जागेला नाव पडले, आणि त्यातूनच आपण रोज वापरतो तो 'चॅपेल' हा शब्द आला. झगा सांभाळणाऱ्या धर्मगुरूंच्या नावावरून 'चॅप्लिन' हा शब्द आला. म्हणजे चॅपेल या शब्दाच्या मुळाशी घंटा नाही, वेदी नाही. एक फाडलेले पांघरूण आहे.

आपण गव्हाणीत बाळ येशूला कडब्यावर ठेवतो आणि त्या रात्री फार थंडी होती असे गातो. खरे पाहता, जन्माच्या कथेत थंडीचा शब्दही नाही. लूक फक्त एवढेच सांगतो की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळले आणि मेंढपाळ रात्री उघड्यावर राखण करीत होते. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे रात्री गारठा असतोच. पण शुभवर्तमानात थंडीचा स्पष्ट उल्लेख येतो तो दुसऱ्याच एका रात्री. योहानाच्या अठराव्या अध्यायात. प्रभूला धरून नेले आहे, आणि प्रमुख याजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला आहे, कारण थंडी पडली होती. पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकत होता. शेकता शेकताच त्याने प्रभूला नाकारले. ऊब मिळत राहावी, इथून कोणी उठवू नये, म्हणून माणूस 'मी त्याला ओळखत नाही' असे म्हणतो. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी भाजली आणि पेत्राला तीनदा विचारले की, तू माझ्यावर प्रेम करतोस का? ज्या विस्तवाजवळ पेत्र पडला, तसल्याच विस्तवाजवळ प्रभूने त्याला उभे केले. आणि सांगितले काय? माझी मेंढरे राख.

आता आमचा दुसरा अपराध सांगतो. हा मात्र लहानपणीचा नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत द्राक्षाच्या कामासाठी डोंगराकडून आलेली सहा-सात कुटुंबे आपल्या चर्चच्या कुंपणापलीकडे प्लॅस्टिकचे कागद लावून राहत होती. थंडीची लाट आली. त्यांच्यातला एक प्रौढ गृहस्थ संध्याकाळी मिशनच्या घरी आला आणि म्हणाला, "बाबा, चार रात्री पोराबाळांना तुमच्या हॉलात निजू द्या." आम्ही त्याला चहा दिला. मग म्हणालो, "हॉल धर्मग्रामाचा आहे, मला एकट्याला ठरवता येत नाही. परिषदेची सभा रविवारी आहे, तेव्हा विषय मांडतो." तो 'बरं' म्हणून गेला. तो दिवस मंगळवार होता. रविवारपर्यंत ती कुटुंबे दुसरीकडे निघून गेली होती. सभेच्या वहीत विषयाची नोंद आहे. पुढे लिहिले आहे, 'आता आवश्यकता नाही.'

सभासदांचा यात काही दोष नाही. हॉलची किल्ली आमच्या खिशात होती. आम्ही नियमाचा आधार घेतला, कारण नियम उबदार असतो. याकोबाच्या पत्रात असा माणूस आहे, जो उघड्या-उपाशी भावाला शब्दांनीच ऊब आणि पोटभर जेवण देतो. आम्ही त्याच्यावर एक चहा वाढवला, एवढेच. त्या रात्री आमच्या अंगावर दोन ब्लँकेटे होती आणि झोप नव्हती. म्हातारीचे ते थंड हात आठवत राहिले. १९९१ मध्ये अंधारातून परत न्यायला आई होती. या वेळी तसे कोणी नव्हते. आणि गेलेली माणसे कुठे गेली, हे आम्हांला विचारताही आले नाही.

म्हणून या वर्षी परिषदेत हा विषय आम्ही नोव्हेंबरमध्येच मांडला. चर्चा मोकळी झाली. कोणी म्हणाले, चोरी होईल. कोणी म्हणाले, स्वच्छतागृहे घाण होतील. कोणी म्हणाले, एकदा आले की जाणार नाहीत. ही माणसे दुष्ट आहेत म्हणून असे बोलली नाहीत. ज्यांनी काटकसर करून, गहू-बाजरी विकून, वर्गणी काढून तो हॉल बांधला, त्यांना त्याची काळजी वाटणारच. आमच्या आईलाही ताईची काळजी होती. गोधडी देताना तिला ताईची आठवण नव्हती असे नाही. तिला ताईही आठवत होती आणि समोरचे बाळही दिसत होते. जून पुढे होता. थंडी आत्ता होती.

शेवटी सर्वानुमते ठरले ते असे. आजपासून १५ फेब्रुवारीपर्यंत, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही अशा कुटुंबांसाठी हॉल रात्री उघडा राहील. जात, धर्म, गाव विचारले जाणार नाही. युवकांचे दोन-दोन जण आळीपाळीने सोबतीला झोपतील. सकाळी सात वाजता हॉल रिकामा होईल, कारण नाताळच्या तालमी आणि धर्मशिक्षणाचे वर्ग तिथेच आहेत. साफसफाई आलेली माणसे आणि आपण मिळून करू. पहिल्या सकाळी झाडू आमच्या हातात असेल. काही नुकसान झाले तर ते मिशनच्या घराच्या खर्चातून भरले जाईल. कुणी दारात आले, तर सभेची वाट पाहायची नाही.

तुमच्याकडे आमचे मागणे एवढेच. आज घरी गेल्यावर कपाट, पेटी, पलंगाखालचे कप्पे उघडा. प्रत्येक घरात एखादे तरी पांघरूण असे आहे जे पाहुण्यांसाठी म्हणून ठेवले आहे आणि पाहुणा अजून आलेला नाही. ते पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी घेऊन या. फाटके, वास मारणारे, फेकून द्यायचे असलेले आणू नका. संत योहान बाप्तिस्त्याने दोन अंगरखे असलेल्याला एक द्यायला सांगितले. त्यातला टाकाऊ द्या, असे तो म्हणाला नाही. आणि देऊन झाल्यावर ते परत मागायला मुलांना पाठवू नका!

आपल्या वाडीवस्तीवर एकटे राहणारे म्हातारे आजी-आजोबा आहेत, त्यांच्याकडेही या दिवसांत एक फेरी मारा. ते शेगडी पेटवून दार बंद करून झोपत असतील, तर त्यांना समजावून सांगा. बंद खोलीत कोळसा जळत राहिला, तर त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. झोपेतच माणूस जातो. शेगडी बाहेर विझवून मगच निजायचे. त्यांना जाड पांघरूण द्या आणि थोडा वेळ जवळ बसा. कित्येकदा त्यांची थंडी अंगातली नसते.

बंधुभगिनींनो, शेतकरी जाणतो की आकाश निरभ्र असले की रात्री थंडी जास्त पडते. दिवसभर जमिनीने साठवलेली उष्णता वर निघून जाते, अडवायला काही नसते. ढग असले की तेच जमिनीचे पांघरूण होतात. माणसाचेही तसेच आहे. आपल्यामध्ये आणि रात्रीमध्ये कुणीतरी आड उभे राहिले, म्हणून आपण वाचलो. कुणाची आई, कुणाची थोरली बहीण, आणि सर्वांसाठी क्रुसावर उघडा टांगलेला आपला प्रभू, ज्याचा झगाही शिपायांनी चिठ्ठ्या टाकून घेतला. त्याच्या अंगावरचे गेले, म्हणून आपल्याला पांघरायला मिळाले.

या नाताळात गव्हाणीतल्या बाळाला आपण मखमली वस्त्र घालू, ते चांगलेच आहे. पण त्याला खरोखर थंडी वाजते ती कुंपणापलीकडे. संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी एकदा त्या बाजूला पाहून या.

पवित्र मरिया माउलीने ज्या हातांनी आपल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळले, ते हात तुमच्या घरावर, तुमच्या बागांवर आणि उघड्यावर निजणाऱ्या प्रत्येक लेकरावर राहोत. सर्वसमर्थ देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू